उतू गेलेल्या कॉफीची विनंती

आमच्या डोंगरात माणूस गेलं की नऊ दिवस त्याच्यासाठी माळेची प्रार्थना होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर, क्रूस, मेणबत्ती, आणि आत्म्याला तहान लागलीच तर म्हणून पाण्याचा पेला. नवव्या दिवशी दुपारी शेवटची प्रार्थना झाली की वेदी उतरवायची. चादर ओढली, मेणबत्ती विझवली, की आत्मा उंबरा ओलांडून गेला. त्यानंतर काही सांगायचं राहिलं असेल तर बसा भिंतीला सांगत.

आई गेल्यापासून मी तिच्यासाठी एक शब्दही मनापासून म्हटला नव्हता. ओठ हलत होते, नाही असं नाही. पण ‘नमो मरिये’ म्हणेपर्यंत मन चुलीशी पोचलेलं. आल्याचा चहा सगळ्यांना पुरेल का, पाव वातड झाला असेल का. त्यात माझा भाऊ लिओकादियो न्यूयॉर्कहून फोनवर. त्याला पावाच्या पुड्याला टेकवून उभा केलेला, आणि जरा वेळ गेला की त्याची तक्रार यायची की मला वेदी दिसत नाही, थोडं डावीकडे करा. माझी नणंद प्रिमितिवा शेजारणींना सांगत सुटली होती की आमची वहिनी आपल्या आईला प्रार्थनेनं नाही, पंगतीनं स्वर्गात पोचवणार आहे.

मी हसले, पण मला धास्ती होती. आई दारात थांबेल, मागे वळून बघेल, आणि मी पातेल्यात डाव फिरवत असेन.

नवव्या दिवशी प्रार्थना सांगणाऱ्या डोन्या उबाल्दिना आल्या त्या घसा बसूनच. ओढ्यापलीकडेही एक मयत झालं होतं. दोन्ही घरं सांभाळून आवाज पार गेला होता. माळ त्यांनी कशीबशी ओढत नेली आणि विनवणीमाला, म्हणजे मारियेला एकेका नावानं हाक मारायची, ती आली तशी मला हाताला धरून पुढे बसवलं. तुझीच आई, तूच म्हण. मलाही बरंच वाटलं. म्हटलं, सगळ्यांच्या पुढे बसल्यावर मन पळून पळून जाईल कुठे?

मन गेलं. स्वयंपाकघरातून वास आला आणि गेलं.

“पहाटेच्या ताऱ्या,” मी म्हटलं.

“आमच्यासाठी विनंती कर.”

“आजाऱ्यांच्या आरोग्या.”

“आमच्यासाठी विनंती कर.”

“उतू चाललेल्या कॉफी.”

“आमच्यासाठी विनंती कर,” अख्खी खोली एका सुरात म्हणाली.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पावाच्या पुड्याजवळून लिओकादियोनं विचारलं, “कोण उतू चाललंय?” मग मात्र हसू खोलीभर पसरलं. प्रिमितिवा हातपंख्याआड तोंड लपवून पातेलं उतरवायला धावली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

डोन्या उबाल्दिनांनी माझं मनगट धरलं. उरलासुरला आवाज गोळा करून त्या म्हणाल्या, “थांबू नकोस पोरी. मनात जे जे येतंय ते आत घे. बाहेर ठेवलंस तर दारात बसून हाका मारत राहील.”

मी डोळे मिटले.

“पुरेल की नाही, त्या बोकडाच्या मटणासाठी.”

“विनंती कर.” आता लोक जपून म्हणत होते, कान देऊन.

“प्रिमितिवाकडून मागून आणलेल्या आणि इथे मोडलेल्या खुर्चीसाठी.”

“विनंती कर,” प्रिमितिवाचा आवाज सगळ्यांच्या वर.

“बर्फात एकटा रडणाऱ्या माझ्या भावासाठी.”

 फोनमधून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

असं एकेक काढता काढता मनाची टोपली रिकामी झाली. तळाशी काय होतं? खिडकीजवळची आईची झुलती खुर्ची. ती रिकामी दिसू नये म्हणून मी पहिल्या दिवसापासून तिच्यावर पंचे वाळत घालत होते. चुलीकडे धावणारं माझं मन चुलीकडे धावत नव्हतंच. या खुर्चीपासून पळत होतं.

“त्या खुर्चीसाठी,” मी म्हटलं.

 सगळे माझ्यासाठी थांबले. मी उठले, पंचे काढले, खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला.

“आई, तुझ्या हातचं खाल्लं ते सगळं अंगी लागलं गं. देवाचे उपकार की तू मला मिळालीस. जा आता.”

चादर ओढली, मेणबत्ती विझवली. मी दाराकडे बघत उभी होते, पातेल्याकडे नाही. एवढं मला मिळालं, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायला सुरुवात कुठून करू हे मला अजून कळत नाही. बहुधा त्या कॉफीपासूनच करावी.

मटण पुरलं. उरलंही. कॉफी मात्र निम्मी चुलीत गेली होती. डोन्या उबाल्दिनांच्या वाट्याला अर्धा कप आला. त्यांनी घोट घेतला, करपलीय म्हणाल्या, आणि संपवून कप पुन्हा पुढे केला.