दाताची कल्हई

गोष्ट २०२२ सालची. बिबवेवाडीत राहणाऱ्या मथुराबाईंचे समोरचे दोन दात हलू लागले होते. वय अठ्ठावन्न. मार्केट यार्डात कांदे निवडायला जाण्याआधी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डब्यात भरायची आणि ती मिश्री बोटाने दातांना घासत बसायचे, हा चाळीस वर्षांचा नेम. शेजारच्या पाच-सहा बायकाही त्यांच्याच डब्यातून न्यायच्या. त्याचा बाईंना भारी अभिमान!

सून तनुजा त्यांना दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई निघाल्या तरन्नुम, कसब्यातल्या कल्हईवाल्या अमीनभाईंची लेक. बाईंचे माहेरही कसब्यातलेच.

"तुझ्या बापानं एकदा माझं पातेलं परत पाठवलं होतं. तुपकट हाय म्हणून," बाई म्हणाल्या. "रडत घरी गेले मी!"

"अब्बा कुणाचंच ऐकत नाहीत. आ करा, मावशी."

"दोन्ही काढ आन् कवळी बसव."

"काढायला पाच मिनिटं लागतात. राखायला अक्कल लागते, तुम्हालाही आणि मलाही." तरन्नुमने आरसा पुढे धरला. "हिरडी खाली सरकलीय. मूळ उघडं पडलंय. या मुळावर एक पातळ थर असतो, सिमेंटम. कल्हईच समजा. दात उगवताना पेशी मुळाला येऊन चिकटतात आणि आधी कोलाजेनचे धागे विणतात. मग बोन सायलोप्रोटीन आणि ऑस्टिओपॉन्टिन नावाची प्रथिनं येतात, ती चुना, म्हणजे कॅल्शियम, कुठे, किती बसवायचा ते सांभाळतात. त्या थरात रुतलेल्या धाग्यांनीच दात हाडाला बांधलेला असतो."

"नावं लगीनपत्रिकेत छापल्यागत लांबलचक!"

"नावं विसरा, काम लक्षात ठेवा. दातावरचं चकचकीत कवच एकदाच बनतं. ही कल्हई मात्र म्हातारपणीही थोडी थोडी चढत राहते. पण तुमच्या मुळावर तंबाखूचा राप बसलाय. पेशी येऊन चिकटणार कुठे? तुपकट भांड्यावर कथील धरतं का?"

बाई तरी हटल्या नाहीत. "मिश्रीबिगर सकाळी पोट साफ होत न्हाई गं."

"पोटासाठी कोमट पाणी आहे. आणि गेलेलं सगळं परत येईल, असं खोटं मी सांगणार नाही. साफ करून देते, पुढचं तुमच्या हातात." मग तिचे लक्ष पदराने तोंड झाकून उभ्या असलेल्या तनुजाकडे गेले. "तुम्हीही बसा."

सत्तावीस वर्षांची पोर. खालच्या दातांची मुळे उघडी पडू लागलेली!

"कधीपासून लावता?"

तनुजाने सासूकडे पाहिले. उत्तर मथुराबाईंना ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी नव्या सुनेची दाढ ठणकत होती, तेव्हा त्यांनीच मायेने तिच्या तळहातावर चिमूट ठेवली होती. अरेरे! काय दिले आपण पोरीला!

"आधी हिचं साफ कर," त्या हळूच म्हणाल्या. "माझं मागनं."

दुसऱ्या दिवशी शेजारची द्वारका रिकामी डबी घेऊन आली. बाईंनी ती रिकामीच परत दिली.

"तव्यावर आता फकस्त भाकरी."

"किती दिवस चालतंय बघू की!" द्वारका फणकारली.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. डोके ठणकले, भांडी आपटली गेली. सासू-सून एकमेकींवर पहारा करत बडीशेप चघळत होत्या. पण डबा पुन्हा भरला नाही.

बाईंचा एक दात शेवटी गेलाच. दुसरा मात्र धरला, आज त्याच दाताने त्या पेरू तोडतात. तनुजाची हिरडी सावरली. तिची मुलगी शाळेत जाते आणि तिला मिश्रीचा वासही ठाऊक नाही. अमीनभाईंनी कल्हईचे काम थांबवले, त्यांचा भाता आता माळ्यावर आहे. तरन्नुमच्या दवाखान्यात मार्केट यार्डातल्या बायकांची रांग असते. द्वारकेने वर्षभराने मिश्री सोडली. शेजारच्या दोघीजणी मात्र अजून ती दुकानातून आणतात.

भगिनींनो, सुनेच्या हातावर आपण काय ठेवतो ते एकदा उजेडात पाहा. चूक चाळीस वर्षांची असली तरी शरीर आपल्या परीने दुरुस्तीला तयार असते. आपण त्याला जागा तेवढी स्वच्छ करून द्यायची.