लांबून दिसणारी खोली

आईने अंथरूण धरलं तेव्हा धाकटी समुद्रापलीकडे नोकरीला होती. रजा मिळेना आणि जीव राहीना. कशीबशी आठवडाभर आली आणि आईच्या खोलीतल्या कपाटावर कॅमेरा बसवून गेली. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून तिने बाहेरून इंटरनेटने या कॅमेऱ्यापर्यंत पोचायची वाट मोकळी केली, त्यावर चांगला लांबलचक पासवर्ड घातला आणि थोरलीला म्हणाली, "ताई, आता मी तिकडून बघेन. बोलेनसुद्धा."

आई हरखली. सकाळी केस विंचरून झाले की कपाटाकडे बघून हात हलवायची. वरून आवाज यायचा, "आई, काय गोड दिसतेस गं!"

"लांबून सगळंच गोड," थोरली पुटपुटायची.

कारण पुढे पुढे तोच आवाज तिच्यावर घसरू लागला. "ताई, उशी वाकडी झालीय." "ताई, औषध दिलंस ना?" आईला उचलून उचलून थोरलीची कंबर गेली होती, आणि वरून ही देखरेख! करणारीच्या वाट्याला कष्ट, बघणारीच्या तोंडी सल्ले.

मग इंटरनेट कंपनीने काहीतरी फेरफार केला. घराचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलला आणि धाकटीला खोली दिसेनाशी झाली. तिचा फोन आला. "ताई, राउटरचं पान उघड आणि नवा पत्ता मला वाचून दाखव. पाच मिनिटांचं काम आहे गं."

"उद्या बघते."

तो उद्या काही उजाडेना. "निदान व्हिडिओ कॉल तरी लाव," धाकटी म्हणे. "आत्ताच डोळा लागलाय तिचा," थोरली सांगे. कितीतरी दिवसांनी तिला कुणाची नजर नसलेल्या खोलीत वावरता येत होतं.

आई मात्र हात हलवतच होती. "आज बोलत नाही गं ही?"

"कामात असेल."

पुढे आईने विचारणं सोडलं. नुसती कपाटाकडे बघत पडून राहायची. एका दुपारी थोरली पाणी घेऊन आत गेली, तर आई गेलेली होती.

धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर. रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "आईला वाटलं असेल ना गं, मी तिला विसरले?"

खरं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "छे गं! बिघाड झालाय हे तिला सांगितलं होतं मी. म्हणायची, पोर तिकडे धडपडत असेल बिचारी."

धाकटी तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "तू होतीस म्हणून निभावलं, ताई." थोरलीला रडूसुद्धा फुटेना. ती नुसती बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

धाकटी परत गेली. आता सुट्टीच्या दिवशी तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारते, "आणखी काय म्हणायची गं आई, माझ्याबद्दल?"

आणि थोरली दर वेळी काहीतरी सांगते.