डोहाळ्याचा डबा

खोटं बोलायचंच तर मटणाचं बोलावं, असं दिपमालाचं मत होतं. कोंबडी म्हणावं तर तसली हाडं दिसायला हवीत, आणि मासे म्हणणारा माणूस झाकण उघडताच पकडला जातो. म्हणून धुळ्याला नणंदेच्या सासरी जाणाऱ्या डब्यात मटण आहे, असं नवरा-बायकोनं ठरवलं. डब्यात होतं डुकराचं मांस.

त्याचं असं झालं, की त्या नणंदेला, पुनमला, सातवा महिना लागला आणि नको ते डोहाळे लागले. चिंच नाही, कैरी नाही. लहानपणी वडील रविवारी चुलीवर शिजवायचे ते काळ्या मसाल्यातलं डुकराचं मांसच तिला आठवायला लागलं. तीन महिने अन्न बघितलं की उलटी करणारी पोरगी फोनवर कुजबुजत म्हणाली, "वहिनी, तेवढं एकदा खायला मिळालं ना, तर मी जेवायला लागेन बघ."

आता ही फर्माईश सासरी सांगायची कशी? पुनम आणि अमृतचं लग्न दोघांनी आपलं आपण जमवलेलं. जातीचा विषय तेव्हाच कसाबसा मिटवला होता, आणि त्यात 'आमच्याकडे डुक्कर खातात' हे वाक्य कुणीही घातलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात पुनमचे सासरे अभिमननाना माळकरी. घरात बायको-मुलांचं मटण शिजायचं, पण ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. असल्या घरात डुकराचं नाव काढणं म्हणजे पुनमला उभ्या उभ्या माहेरी पाठवण्यासारखंच.

पण दिपमाला हट्टाला पेटली. भुसावळला एक जण पांढरी डुकरं पाळून विकतो, त्याच्याकडून तिच्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, पाठीकडचं, चरबी नसलेलं किलोभर मांस आणलं. डॉक्टरांनी पुनमला तेल-तूप कमी सांगितलं होतं, म्हणून दिपमालानं स्लो कुकर काढला. तिची एक मैत्रीण परदेशी जाताना तो देऊन गेली होती. विजेवर चालणारं जाड मातीचं भांडं, शिट्टी नाही, ढवळणं नाही. सकाळी भरून कामावर जायचं आणि संध्याकाळी आयतं जेवण. नोकरीवाल्या बाईला याहून मोठा दागिना नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

शनिवारी सकाळी सात वाजता तिनं भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला वाटून मांसाला चोळला, वाटीभर पाणी घातलं, बटण मंद आचेवर फिरवलं आणि ती लॅबमध्ये निघून गेली. पाच वाजता योगेंद्र कामावरून घरी आला, वाफाळतं मांस डब्यात भरलं आणि मोटरसायकलनं धुळ्याला निघाला. 'बोटानं तुटतंय', असा त्याचा मेसेज आला. दिपमाला मनातल्या मनात खूश झाली.

पावणेसातला ती मेहरूण भागातल्या घरी पोचली तेव्हा शेजारच्या अनवरीबाजी ओट्यावर बसून पदरानं वारा घेत होत्या.

"काय गरमी होती बाई आज," त्या म्हणाल्या. "सकाळी तू गेली आणि साडेसातलाच लाइट गेली. एक वाजता आली. फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं माझ्या."

दिपमाला हसली, कुलूप उघडलं, पर्स खुंटीला लावली. आणि मग तिथंच थांबली.

साडेसात ते एक. कुकर जेमतेम कोमट झाला असेल तेव्हा वीज गेली. बाहेर त्रेचाळीस डिग्री, घर बंद, आणि साडेपाच तास ते मांस झाकणाखाली कोमटच्या कोमट. एक वाजता वीज आली तसा कुकर आपोआप पुन्हा सुरू झाला, कारण त्याचं बटण फिरवून ठेवलेलंच होतं. चार तासांत सगळं रटरटून शिजलं. योगेंद्रला काय दिसणार? त्याला शिजलेलं मांस दिसलं.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, शिजलं ना शेवटी, झालं. पण दिपमाला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. मांसाच्या अर्काची बशी उबदार कपाटात ठेवायची आणि तिच्यात काय उगवतं ते बघायचं, याचाच तिला पगार मिळत होता. उकळलं की जंतू मरतात, पण काही जंतू मरण्याआधी जे विष सोडून जातात ते उकळूनही जात नाही, हे ती नव्या मुलींना दर महिन्याला शिकवायची. आणि आज तोच उद्योग तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात करून सात महिन्यांच्या पोटुशीला पाठवला होता.

तिनं योगेंद्रला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तो गाडीवर असणार. पुनमला लावला. बंद. पुन्हा योगेंद्र, पुन्हा पुनम, मग अमृत. अमृतचा फोन लागेना. घाईत एकदा फोन लॅबच्या साहेबांनाच लागला. सात वाजून दहा मिनिटांनी तिनं मनाचा हिय्या करून पुनमच्या सासूला, भागाबाईंना फोन लावला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोल वं माय," भागाबाई खुशीत होत्या. "योगेंद्रभाऊ आत्तेच उना. त्यास्ले लीसन नाना चहा पेवाले गयात. तुन्ही नणंद ताटवर बसेल शे. काय वास येस वं तुना मटणले!"

"अक्का, ते खाऊ देऊ नका तिला! खराब झालंय. इथं दिवसभर लाइट नव्हती. ताट उचला आधी."

"खराब? इतला चांगला वास येस आनि खराब?" भागाबाई हसल्या. "आम्ही काय शिळं खातस नही का? चूलवर एक उकळी दी देसू."

"उकळून नाही जात अक्का ते. तुमच्या पाया पडते, ताट उचला."

आता भागाबाईंचा आवाज बदलला. "डोहाळानं ताट शे दिपमाला. माहेरना घास तोंडपाशी येल, आनि मी हिसकी लेऊ? लेकरूनी लाळ गळत ऱ्हाई जलमभर. तीन महिनामा पोरगी पहिल्यांदा हासीसन जेवाले बसनी शे. मी नही उचलाव."

इथं दिपमालाला कळून चुकलं की जंतू, विष, लॅब हे सगळं त्या बाईपुढे पालथ्या घड्यावर पाणी आहे. डोहाळ्याचं ताट ओढणारी सासू भागाबाईंना व्हायचं नव्हतं. ते ताट त्यांच्या हातून उचलवून घेणारी एकच गोष्ट जगात होती, आणि ती सांगितली की पुनमचा संसार काय होईल ते दिपमालाला दिसत होतं. तिला मनापासून भीती वाटली. फोनमधून भांड्याचा आवाज आला.

"अक्का," ती म्हणाली, "ते मटण नाही. डुक्कर आहे."

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी येत राहिली. दिपमालानं डोळे गच्च मिटून घेतले. आता शिव्या येतील, आता पुनमचं रडणं ऐकू येईल, आता फोन आपटला जाईल.

मग ताट फरशीवरून सरकवल्याचा आवाज आला.

"दोन घास खायेल शे तिन्ही," भागाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "ते काय शे, कसाले धाडं, ते मांगेन दखसूत. आते काय करानं ते सांग."

अमृत घरी येताच पुनमला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, सलाईन लावलं. नानांना एवढंच सांगितलं, की माहेरचं मटण उन्हानं खराब झालं होतं. योगेंद्र दर तासाला फोन करत होता आणि दर वेळी तेच सांगत होता, अजून काही नाही. दिपमाला फोन हातात धरूनच बसून राहिली. पुनमच्या पोटातल्या बाळाला काही झालं तर ते आपण केलं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. पहाटे तिनं उरलेल्या रश्शासकट ते जाड भांडं कचऱ्याच्या पिशवीत बांधलं.

साडेसहाला फोन वाजला. भागाबाई.

"पोर हालस पोटमा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी मशीन लाईसन दखं. पुनमले काहीच व्हयनं नही. उलटी नही, ताप नही."

दिपमाला हमसून हमसून रडली. रडणं ओसरलं तशी तिला पुढची भीती आठवली. आता हिशेब होणार. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बोलणी खायला तयार झाली.

पण भागाबाई भलतंच बोलल्या, आणि तेही कुजबुजत. "दिपमाला, मी बी खायेल शे."

"काय?"

"पुनमले वाढाना पहिले मी चुलीपाशी दोन बोट्या खाद्यात. मोठल्या. रातपाईन सात वखत जाईसन उनू. आते उभं बी ऱ्हावास नही."

दिपमाला ताडकन उठली. "अक्का, तुम्ही दवाखान्यातच आहात ना? रात्रीच का नाही सांगितलं डॉक्टरांना?"

"काय सांगू? डॉक्टर इचारी, काय खादं? हाई बठ्ठं नानास्नासमोर?" त्यांना धाप लागत होती. "माळकरीनी बायको मी. चाळीस वरीस व्हयनात."

काल संध्याकाळी दिपमालाच्या पाचावर धारण बसली होती, तीच आता त्या बाईची बसली होती. पण साठीच्या बाईचं अंगातलं पाणी रात्रभर जात राहिलं तर काय होतं, हेही दिपमालाला माहीत होतं.

"नाना कुठं आहेत आत्ता?"

"चहा लेवाले जायेल शेत. योगेंद्रभाऊ संगे शे."

"मग ते येईपर्यंत जा. नर्सला सांगा. जे खाल्लं तेच सांगा, मटण म्हणू नका. मी योगेंद्रला सांगते, तो नानांना थांबवून ठेवेल. आणि मी पुढच्या बसनं निघते, नानांना जे सांगायचं ते माझ्या तोंडानं सांगेन. उठा अक्का."

पलीकडे बाकडं करकरलं. चपला फरपटत गेल्या, दार ढकलल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी पोरसवदा आवाजात विचारलं, काय होतंय आजी. फोन चालूच राहिला होता. दिपमालानं तो कानाशी घट्ट दाबला.

"बाई," भागाबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मी डुक्कर खायेल शे."