समुद्रावरची चूल

"आता समुद्रात पण चूल मांडा म्हणावं," मैनावहिनी तव्याला म्हणाली.

तव्यालाच म्हणाली, कारण त्या घरात तिचं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. मी शेजारी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते म्हणून माझ्या कानावर पडलं, एवढंच. तिनं भाकरी उलटली, माझ्याकडं पाहिलं आणि पुढचा गोळा परातीत घेतला. बाहेर ओसरीत माझे दोन भाऊ मोठमोठ्यानं समुद्र वाटून घेत होते.

मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. शेवंती, बिजली, झेंडू, बांधाला थोडी भाजी. फुलवाल्यांना वर्षात सुट्टी मिळते ती पौषातच. पौषात लग्नं नसतात, फुलाला कोणी विचारत नाही, मग माळ्यालाही कोणी विचारत नाही. धाकटा भाऊ महेश अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला आणि कमरेला मोबाईल लावून फिरायला लागला, तेव्हापासून त्याला घरातल्या लोकांना जग दाखवायची फार हौस. आलेला फोन उचलायलाही तेव्हा पैसे पडायचे, म्हणून तो मोबाईल वाजला की महेश नुसता बघायचा आणि कमरेला परत लावायचा. तर त्यानं जाहीर केलं होतं की यंदा पौषात सगळ्या घरानं कोकणात जायचं. दापोलीच्या पलीकडं समुद्राकाठचं एक खेडं त्यानं हेरलं होतं. उतरायचं कुठं ते ठरवायला मला सिडकोतून मुद्दाम बोलावलं होतं. म्हणजे माझं मत विचारायला नव्हे. ठरलं की "आक्काला पण पटलं" असं म्हणायला घरात एक आक्का लागते.

वहिनीनं समुद्र पाहिलेला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा प्रवास म्हणजे माहेरचं येवला, तेही कोणी गेलं तर. मागच्या महिन्यात शेवंती खुडताना ती मला म्हणाली होती, "वन्सं, मला समुद्राचं काय नाय. मला एकदा कुणीतरी वाढलेलं ताट पायजे. भाकरी शेवटची कशी लागती ते ठाव हाय मला. पहिली कशी लागती ते बघायचंय." एवढं बोलून तिनं टोपली उचलली आणि पुढच्या सरीला गेली. आमच्या घरात पहिली भाकरी आईची, मग दादाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, मग मुलांची, आणि वहिनीची वेळ येते तेव्हा तवा गार झालेला असतो.

ओसरीत मात्र तीन जागा पुढं आल्या होत्या.

पहिली महेशच्या बायकोला, सुवर्णाला, हवी होती. ते एक रिसॉर्ट. तिथं पोहायचा तलाव होता. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना त्याच्याकडं पाठ करून हौदात उतरायचं, यात तिला काहीही वावगं वाटत नव्हतं. समुद्राच्या पाण्यानं केस चिकट होतात, असं तिनं सांगितलं. ती कॉलनीतल्या बायकांना फोटो दाखवणार होती आणि फोटोत निळं पाणी निळंच दिसायला हवं होतं. खोटं बोलत नाही, मला त्या पोरीची कीवच आली. कॉलनीतल्या बायकांसाठी माणूस किती लांब जातो.

दुसरी जागा म्हणजे एका बाईंचं घर. नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या, आणि बाई स्वतः रांधून वाढतात. केळीच्या पानावर गरम भात, वर तूप, वालाची उसळ, सोलकढी. कांदालसूण नाही, मासळी तर उंबऱ्याच्या आतच येत नाही. महेशचा कारखान्यातला मित्र जाऊन आला होता आणि अजून त्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं. हे ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात वहिनीचा हात भाकरी थापता थापता थांबला. मी पाहिलं.

थोरला भाऊ सावळीराम, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्यानं लगेच नाक मुरडलं. कोकणात जाऊन उसळ खायची तर घरी काय वाईट आहे, असं त्याचं म्हणणं. दादाला मासे खायचे होते. नाशकात मिळतात ते बर्फातले, असं तो सांगतो, जसा काही जन्मभर सुरमईवर वाढलाय. पण आईसमोर तो मासा हा शब्द उच्चारत नाही. आई माळकरी, आणि ती तिथंच ओसरीत बसलेली. म्हणून दादा ताठ बसून म्हणाला की, ते बाईंचं घर आईला चालायचं नाय. आईला परक्याच्या हातचं चालत नाय.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरात माना डोलावण्याला मतदान म्हणतात.

आता या नियमाचं मूळ मला माहीत आहे. महेशच्या लग्नात मांडवामागं एकाच आचाऱ्यानं शेजारशेजारच्या पातेल्यांत वऱ्हाडासाठी बकरं आणि माळकऱ्यांसाठी बटाटा शिजवला. आई म्हणाली, मी आज घरचं खाईन. आज, असं म्हणाली होती. वहिनी मांडवातून उठून घरी आली, लुगडं खोचून तिनं आईला पिठलं-भाकरी करून घातली. त्या एका दिवसाचा आमच्या लोकांनी जन्माचा नियम करून टाकला. आईला मैनाच्याच हातचं लागतं. पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली नाही, भावाच्या लग्नाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली, ती याच नियमानं. सप्ताहात आई हजार माणसांच्या पंगतीत बसून बुंदी-भात जेवते, तिथला आचारी कुठला, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही. सप्ताहात वहिनीची गरज नसते ना.

मग तिसरी जागा ठरली. महेशच्या साहेबांचा तिथं बंगला होता, रिकामा. भांडीकुंडी होती, स्वयंपाकघर होतं, मागं अंगण होतं. दादाचा चेहरा उजळला, आवाज खाली आला. पहाटे किनाऱ्यावर लिलावात ताजी मासळी घ्यायची, अंगणात तीन दगडांची चूल मांडायची. घरात गॅसवर आईचं सोवळ्यातलं वेगळं. म्हणजे वहिनीनं आधी मासळी करायची, मग आंघोळ करायची, मग आईचं करायचं, मग मुलांचं. हे शेवटचं वाक्य अर्थात कोणी बोललं नाही. बोलले ते एवढंच, की बंगल्यात आईची सोय होईल. सुवर्णानं तलाव सोडला, कारण बंगल्याला गच्ची होती आणि गच्चीवरून फोटो चांगला येतो.

मग सामान. शेगडी, पोळपाट, ज्वारी-बाजरीचं पीठ, काळा मसाला, परात. समुद्र सोडून सगळं घर न्यायचं ठरत होतं. दादानं तर मळ्यातली वांगीही न्यायची म्हटली, कोकणात वांग्याला चव नसते म्हणून. तो तिकडं कधी गेलेला नाही.

"मैना, पीठ किती लागंल गं?" त्यानं आत हाक मारली.

वहिनी उठली. हात धुतले नाहीत, पिठाच्या हातांनीच ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. ती खाली बघत शांतपणे म्हणाली की तिला यायला जमायचं नाय. म्हैस व्यायला झालीय आणि शेवंतीला पाणी द्यायचंय. म्हैस व्यायला अजून बराच अवकाश होता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग जे सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. सुवर्णा म्हणाली, "असं कसं वहिनी, तुमच्यासाठी तर चाललोय सगळे." महेश म्हणाला की वहिनी नाही म्हणजे मजाच नाही. दादानं तर म्हैस गड्यावर सोपवली, गडी भिका हजर नसताना. इतकं प्रेम मी त्या ओसरीत कधी पाहिलं नव्हतं. वहिनी तरी मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता. तिला वाढलेलं ताट मिळणार नाही हे तिनं आत तव्यापाशीच ओळखलं होतं. आता निदान चार दिवस रिकामं घर मिळालं तरी पुरे, असा तिचा हिशेब असावा.

प्रेम ओसरायला वेळ लागला नाही. महेश पुटपुटला की मग बंगल्याचं रद्दच करावं लागेल. सुवर्णानं लगेच तलाव पुन्हा काढला. दादा महेशच्या कानाशी वाकून म्हणाला, रिसॉर्टवर मासे मिळत्यात का ते इचार. वहिनी अजून दारातच उभी होती. तिच्याशिवाय जागा कुठली हे ठरायला, चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. अडलं ते एकाच ठिकाणी. दादानं डोकं खाजवलं. "पण मंग आईचं कसं?"

आई कोपऱ्यात वटाणे सोलत होती. माझी आई कलाबाई. तिनं आयुष्यात सुनेची बाजू घेतल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिची लाडकी लेक आहे म्हणून सांगते, खोटं नाही. तिनं हातातली शेंग सोलून संपवली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"त्या वाडीवाल्या बाईला फोन लाव," ती महेशला म्हणाली.

महेशनं सवयीनं कमरेला हात लावला. "आई, तुला परक्याच्या हातचं..."

"मी जेवीन. मैनाच्या शेजारी बसून जेवीन." आईनं दादाकडं मान वळवली. "आन तू, सावळ्या, मला इचारतो माझं कसं. लय दिस झाले, माझी माळ पुढं करून तुम्ही हिला चुलीम्होरं बसवताय. मीबी गप बसले, मला गरम मिळत होतं. तुम्हाला मैनाला समुद्र दाखवायचाच नव्हता रे. तुम्हाला सैपाकीण न्यायची होती."