चिकाची फिल्म

शिवांगीने काचेच्या ताटलीवरून फिल्म सोलायला घेतली आणि ती टर्रकन फाटली.

"गेली का वाया?" भाकरी थापता थापता नागुबाईने आतून विचारलं.

"जाऊ दे आई, ती सिरक्याची होती. वाळताना सिरका उडून जातो, मग कडक होते."

ज्वारीच्या स्टार्चमध्ये ॲसिड घालून शिजवायचं, पातळ पसरायचं, वाळवायचं, की खाता येणारा पारदर्शक कागद तयार. लातूरच्या कॉलेजात शिवांगीचं संशोधन चाललं होतं ते यावरच. नागुबाईच्या लेखी तो कुरडयांचा चीकच, फक्त शिकून शहाणा झालेला. रविवारच्या सुट्टीतही पोरगी ताटल्या घेऊन चाकूरला आली होती, ती आप्पांसाठी.

आप्पा, म्हणजे तिचे वडील संगप्पा, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोंडाच्या कॅन्सरवर नांदेडला रेडिएशनचे शेक दिले, गाठ गेली, पण जाताना चवही घेऊन गेली. भाकर माती, वरण माती, लेकीने हौसेने आणलेला पेढाही मातीच. ठेच्याशिवाय घास न उतरणारा हा माणूस आता ताट पाहिलं की मान फिरवायचा. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नळीचं नाव काढलं की नागुबाई उठून चुलीकडे जायची.

शिवांगीने दुसरी ताटली ओढली. ही लिंबाच्या ॲसिडची. ते उडून जात नाही, आतच मुरून राहतं. फिल्म अलगद सुटली, बोटाभोवती वळली, पण फाटली नाही.

"आप्पा, एवढा तुकडा तोंडात धरा. चावायचं न्हाई, आपसूक विरघळतंय."

"कशाला माय? उगी मातीत माती."

"माझ्यासाठी धरा की."

लेकीच्या शब्दाखातर त्यांनी तोंड उघडलं. तिने तुकडा जिभेवर ठेवला. काहीतरी पोटात जावं आणि घशाला टोचू नये, याहून जास्त तिने मागितलंच नव्हतं.

आप्पांचा एक डोळा गच्च मिटला. तोंड वेडंवाकडं झालं.

"टोचलं का? थुंका, आप्पा, थुंका!" शिवांगी घाबरून गेली.

त्यांनी हातानेच तिला थांबवलं. जीभ टाळूवर फिरवली. पुन्हा एकदा फिरवली.

"आंबट हाय की गं हे."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी नागुबाई दारात आली.

"काय म्हनलात?"

"आंबट म्हनलं. लई आंबट करून ठिवलंय पोरीनं."

शिवांगीला हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही आवरेनात. नागुबाई मात्र जागची हलली नाही. मोठ्याने बोललं तर मोडेल की काय, अशा बेताने तिने विचारलं,

"वरनात लिंबू पिळू का?"

आप्पांनी जरा विचार केला.

"पिळ. अन् भाकर चुरून आन."