दहापैकी तीन

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. रेघा आखायची नव्हे, आणि तळहातावर बसणारी तर मुळीच नव्हे. मी माणसाला किती दुखतंय ते मोजते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या माणसांना पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवतात. तिथल्या सहा नंबरच्या खाटेच्या कठड्याला मी दोरीने लटकलेली असते.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. पुढच्या बाजूला शून्य ते दहा आकडे आणि वर सहा चेहरे. शून्यावरचा गालातल्या गालात हसतो, दहावरचा ढसाढसा रडतो. सहाही जण टकले आहेत. छापणाऱ्याचं म्हणणं असं, की केस चितारायचे पैसे कुणी दिले नव्हते. माझ्या पाठीवर चारच शब्द आहेत : चेहरा, हातपाय, स्नायू, श्वास. घशात श्वासाची नळी असलेला किंवा गुंगीत असलेला माणूस आकडा कसा सांगणार? मग त्याच्या या चार गोष्टी बघायच्या. पण पाठीकडे फारसं कोण बघतं, मित्रांनो? तुमच्याही बघत नसतील.

कामाचे दिवस मजेत गेले. एका ट्रकचालकाच्या घशात नळी होती, तेव्हा तो बोट हवेत फिरवत आणून माझ्या आठवर बरोबर टेकवायचा, आणि औषध मिळालं की घसरगुंडी करत दोनवर यायचा. जाताना त्याने माझी पापी घेतली. सिस्टरांनी लगेच मला स्पिरिटने पुसून काढलं. मध्ये दोन महिने मी एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. टेबल डुगडुगायचं थांबलं, त्यामुळे ते दिवस अगदीच फुकट गेले असं म्हणता येणार नाही.

शेजारी मॉनिटर असतो. तो दिवसभर हिरव्या रेघा काढतो, नाडी सांगतो, रक्तदाब सांगतो. पण दुखतंय का, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. ते माझे आकडे सांगतात, म्हणून माझ्या अंगात जरा ताठा शिरला होता. तो उतरवला एका बाईंनी.

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी निघाली, आणि आमच्या विभागातल्या उंच सिस्टरांनी मला त्यांच्यासमोर धरलं.

"बाई, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचं किती?"

बाईंनी चष्मा मागवून घेतला. मला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"तीन."

"नक्की ना?"

"पडताळून सांगतेय."

आमच्याकडे चार किंवा त्यावर आकडा गेला की औषध वाढवतात. तीन म्हणजे बरं चाललंय. सिस्टरांनी तक्त्यावर तीन लिहिले. दहा वाजता तीन, दुपारी बाराला तीन. मी खूश. इतका सरळ पेशंट क्वचित मिळतो.

पण बाई खोकेनात. खोल श्वास घेईनात. फुंकणीसारख्या नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे असतात. बाईंचा एकच चेंडू दोन बोटं वर जाई आणि खाली बसे. रक्तातला प्राणवायू उतरू लागला. दोन वाजता डॉक्टर आले.

"बाई, कफ निघाला नाही तर संध्याकाळी पुन्हा घशात नळी घालावी लागेल हं. मग सगळं पहिल्यापासून."

बाईंनी पुन्हा फुंकणी तोंडाला लावली, पण चेंडू जेमतेम हलला.

"दुखत तर फारसं नाहीये," व्यायाम करून घेणारी ताई म्हणाली, "मग अडतंय कुठे? हट्टी दिसतात."

चार वाजता भेटीच्या वेळेला बाईंचे यजमान आले. घड्याळं दुरुस्त करणारे, शांत गृहस्थ. रुग्णालयाचा झगा त्यांनी उलटा घातला होता. त्यांनी तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा माझ्या आठवरच्या टकल्यासारखा झाला.

"सिस्टर, हिला तीन दुखतंय?"

"हो काका. म्हणजे कमीच."

"कमी? अहो, पाय मोडला तेव्हा हिने अडीच सांगितले होते! आणि तशीच दोन तास वर्गावर उभी होती. माझ्या स्वयंपाकाला चाळीस वर्षांत दोनच्या वर गुण मिळालेले नाहीत."

"अहो," बाई पुटपुटल्या, "दहापैकी चार मी आजवर कुणालाच दिलेले नाहीत. उगाच कसे द्यायचे?"

"अगं, दुखण्याला नापास करून कुणाचं भलं होणार आहे?"

सिस्टरांनी मला उलटं केलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मग बाईंकडे नीट बघितलं. भुवया आक्रसलेल्या. मुठीत चादर पिळलेली. खांदे कानाला टेकलेले. श्वास तर असा, जणू कुणी कढत चहाचे घोट घेतंय. हे सगळं सकाळपासून तिथेच होतं आणि मी माझे आकडे मिरवत लटकले होते. मला प्लास्टिकच्या आत घाम फुटला.

औषध दिलं. अर्ध्या तासात खांदे कानांपासून सुटले, मुठीतली चादर सुटली. बाईंनी छातीशी उशी घट्ट धरली आणि असा दणदणीत खोकला काढला की पाच नंबरच्या खाटेवरचे आजोबा "कोण आलं?" म्हणून जागे झाले. कफ निघाला. चेंडू उचलले : एक, दोन, आणि थरथरत का होईना, तिसराही! यजमानांनी टाळ्या वाजवल्या.

"गोंगाट नको," बाई म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या.

संध्याकाळी डॉक्टर आले, प्राणवायूचा आकडा बघून नळीचं नावही न काढता पुढच्या खाटेकडे गेले. तिसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी चालत साध्या वॉर्डात गेल्या.

तेव्हापासून उंच सिस्टर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना विचारतात, "आजवर सगळ्यात जास्त काय दुखलं होतं? तेव्हा हे काय म्हणाले होते?" उत्तरं ऐकून मला हसू आवरत नाही. एका पैलवानाला म्हणे सुई बघूनच नऊ दुखतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि "काही नाही रे, बरं आहे" म्हणालं, तर तेवढ्यावर खेळायला पळू नका. विचारा, जरा बघत बसा, आणि मग पुन्हा विचारा. दोनदा विचारल्याने कुणाचंच काही दुखत नाही.