पंखा तीनवर

दोन हजार नऊ साली गल्लीच्या तोंडाशी असलेला नाणं टाकायचा फोन कायमचा काढून नेला, आणि त्याच महिन्यात काकूंच्या घरी लॅपटॉप आला. सुनेच्या मैत्रिणीने नवा घेतला म्हणून जुना हिला दिला होता. मैत्रिणीला तो जुना असेल, या घराला मात्र नवलाईचाच.

काकू कपडे शिवत. चाळीस वर्षं पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी त्यांचं मशीन चालत होतं. सगळ्या गल्लीच्या अंगावर त्यांचे टाके होते. त्यांना एकच वेड होतं, घरात नवी वस्तू आली की तिला खोळ शिवायची. मशीनला खोळ, मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, टेलिफोनला तर झालरीची खोळ. त्यांचे यजमान नाना जरा वेळ एका जागी बसले आणि काकू जवळून टेप घेऊन गेल्या, की म्हणत, "माप घेऊ नकोस हं, मी अजून हलतोय."

लॅपटॉपला त्यांनी चार दिवस खपून खोळ शिवली. खाली कापूस भरलेली जाड गादी, चारी बाजूंनी इलॅस्टिक, कडेने निळी झालर. झाकण उघडायला वरून मोकळी, बाकी बाजूंनी गच्च. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला बारीक जाळी होती, ती पाहून त्या म्हणाल्या, "अगं, एवढी भोकं ठेवलीत, धूळ नाही जाणार? यांना कुणी शिकवलं काम?" आणि त्या जागी त्यांनी एक जास्तीची पट्टी बसवली. सुनेने खोळ पाहिली, झालर पाहिली, आणि म्हणाली, "छान झालीय, आई."

सून लग्नाआधी घरांचे नकाशे काढायची. ठकी झाली तेव्हा तिने काम सोडलं. आता ठकी चार वर्षांची झाली होती, आणि दूरच्या एका ऑफिसाने घरी बसून नकाशे काढून देणारी माणसं घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच. शुक्रवारी सकाळी दहाला ते एका घराची मापं पाठवणार, बाराच्या आत नकाशा पुरा करून परत पाठवायचा. जमलं तर काम मिळणार. नाही जमलं तर दुसरी संधी नाही.

सुनेपेक्षा काकूंनाच जास्त घोर लागला होता. त्यांच्या तरुणपणी एका मोठ्या कारखान्यातून त्यांना कापड बेतायच्या कामाला बोलावणं आलं होतं. मूल लहान म्हणून त्यांनी नाही म्हटलं. त्यानंतर पुन्हा कुणी विचारलं नाही. ही गोष्ट त्या फारशी कुणाला सांगत नसत, पण सुनेला त्यांनी दोनदा सांगितली होती.

आणि लॅपटॉप तर बंद पडत होता.

मध्येच, न सांगता न सवरता, पडदा काळा. पत्र लिहिताना तासभर चालायचा, पण नकाशाचं काम काढलं की अर्ध्या-पाऊण तासात डोळे मिटायचा. नानांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलची मिनिटं मोजण्यात गेलेली. त्यांनी लगेच वही घातली. "सोमवार, एकेचाळीस मिनिटं. मंगळवार सकाळी अडतीस. मंगळवार दुपारी, बाहेर ऊन जास्त, चौतीस."

"बाबा, वहीत लिहून तो सुधारणार आहे का?" सून वैतागून विचारी.

"सुधारणार नाही. पण आपल्यावर कुणी लक्ष ठेवतंय हे त्याला कळलेलं बरं."

घरात एकटी ठकीच खूश होती. लॅपटॉप बंद पडला की आई खेळायला येते, हे तिला कळलं होतं. पडदा काळा झाला की ती टाळ्या पिटायची.

गल्लीच्या टोकाला दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर कधीकाळी 'सर्व बिघाड दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलेलं होतं. उन्हापावसाने बाकीचा रंग उडाला आणि 'बिघाड' तेवढा राहिला, म्हणून मालकाला सगळे बिघाडभाऊच म्हणत. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, काळाबरोबर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बदलले होते, स्टूल तेच होतं. सून दोनदा त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेली. पहिल्यांदा त्यांनी वायर बदलली. दुसऱ्यांदा दिवसभर ठेवून घेतला.

"दिवसभर चालू होता," संध्याकाळी ते म्हणाले. "मोठे मोठे प्रोग्रॅम लावले. दुपारी मी त्याच्यावर पत्तेही खेळलो. एकदा डोळा मिटला नाही त्याने. माझ्याकडे जावयासारखा शहाणा, घरी गेल्यावर अंगात येतं त्याच्या. तुमच्या घरातल्या विजेतच काहीतरी आहे."

घरी आणून लावला तर छत्तीस मिनिटं.

बुधवारी काकूंनीच त्यांना फोन केला. भाऊ घाईत होते. खांद्याने फोन कानाशी धरून दुसऱ्याच कुठल्या मशीनचा स्क्रू पिळत असावेत.

"काकू, एक सांगा. पंखा चालतोय ना?"

"चालतोय की."

"नीट फिरतोय? आवाजबिवाज?"

"अजिबात नाही. गेल्या वर्षीच तेल घातलंय."

"तेल?" भाऊ क्षणभर अडखळले. मग दुकानात कुणीतरी आलं असावं. "बरं बरं. चालतोय तर मग पंख्याचं नाही. मग आतलं बोर्डच असणार. त्याला दहा-पंधरा दिवस लागतील."

दहा-पंधरा दिवस! शुक्रवार परवावर आला होता. काकूंनी रिसीव्हर खोळीखाली ठेवला आणि सुनेला काही सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी सुनेने शेवटची तालीम करून पाहिली. जुन्याच एका घराची मापं घेऊन ती नकाशा काढू लागली. भिंती झाल्या, दारं झाली, जिना चढत होता, आणि पडदा काळा.

"सदतीस," नाना हळूच म्हणाले.

ठकीने टाळ्या पिटल्या. या वेळी आई उठली नाही. तिने रडारड केली नाही, पलंगावरचे वाळलेले कपडे पुढ्यात ओढून त्यांच्या घड्या घालायला लागली. इतक्या जोरात की नानांच्या सदऱ्याचं एक बटण उडालं.

"मी त्यांना कळवून टाकते, आई. म्हणते, दुसरी कुणी बघा."

"असं नाही कळवायचं."

"मग काय कळवायचं? जिन्यापर्यंत घर बांधते, वरचा मजला तुम्ही बांधा?"

लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवावा म्हणून काकूंनी दोन्ही हात त्याच्याखाली घातले. गादीच्या आत, थेट तळाशी. आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

आता, लॅपटॉपमधलं काकूंना ओ की ठो कळत नव्हतं. पण इस्त्री कळत होती. इस्त्रीचा तळवा नुसत्या जवळ नेलेल्या हातानेही त्यांना वाचता येई. रेशमाला किती, लोकरीला किती, सुतीला किती.

"अगं, हा तर सुतीच्या इस्त्रीवर आलाय," त्या म्हणाल्या. "हात लावून बघ."

सून घडी टाकून आली. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला.

काकूंनी फोन फिरवला. "भाऊ, हा चटका देतोय. तापलाय नुसता."

"मग पंखा नाही चालत त्याचा."

"चालतोय हो! काल सांगितलं नाही का? समोर दिसतोय मला. तीनवर आहे."

पलीकडून स्क्रू पिळायचा आवाज थांबला.

"काकू," भाऊ सावकाश म्हणाले, "तीनवर म्हणजे?"

"तीनवर म्हणजे तीनवर. पाचवर केला की कापडं उडतात माझी."

मग जे हसू आलं ते फोनमधून इतक्या जोरात आलं, की नाना वही घेऊन जवळ आले. भाऊंना बोलता येईना. "काकू... अहो काकू... छताचा नव्हे! त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा पंखा असतो, मुठीएवढा! खालून वारा आत घेतो, डाव्या बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. खाली काय ठेवलंय त्याच्या?"

"खाली काय असणार? खोळ."

"कसली खोळ?"

काकूंनी सांगितलं. कापूस, इलॅस्टिक, झालर, जाळीवरची जास्तीची पट्टी. एरवी त्या हे वर्णन अभिमानाने करत. या वेळी प्रत्येक शब्दागणिक आवाज खाली खाली येत गेला. पट्टीशी आल्या तेव्हा जवळजवळ पुटपुटत होत्या.

"मग बंद नाही पडणार तर काय करणार बिचारा?" भाऊ म्हणाले. "जीव वाचवायला स्वतःच मिटतो तो. भर उन्हात गोधडी पांघरून, नाकाला फडकं बांधून पळायला लावलंत त्याला. पण काकू, माझ्याकडे आला तेव्हा ही खोळ कुठे होती?"

फोन ठेवून काकू मशीनच्या स्टुलावर बसल्या. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं कापड बिघडवलं नव्हतं. आणि बिघडवलं ते घरातलंच.

"माझ्याच हाताने गळा आवळला त्याचा," त्या म्हणाल्या. "आणि तुझाही. पण तू दुकानात नेताना ती काढून का नेत होतीस गं? मला वाटायचं, मळेल म्हणून."

सून जमिनीकडे पाहू लागली. "मळेल म्हणून नाही, आई."

"मग?"

"झालर होती हो." तिला आता हसू आवरेना. "दुकानात चार पुरुष उभे असतात. तो काउंटरवर ठेवला की बाळाला डोस पाजायला आणल्यासारखं वाटलं असतं मला."

"मग मला सांगायचं नाहीस? एका शब्दाने?"

"चार दिवस खपून शिवली होतीत तुम्ही. कशी सांगणार?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. रागवावं की काय, हे त्यांना क्षणभर ठरवता येईना. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आला काउंटरवरचा तो झालरवाला लॅपटॉप आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारे चार पुरुष. त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ठकी घाबरून नानांच्या मांडीवर जाऊन बसली.

"माझ्या खोळीने तुझी वाट लावली असती, आणि तुझ्या लाजेने ते कुणाला कळलंही नसतं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "यापुढे जे वाईट शिवीन ते तोंडावर सांगायचं. कळलं?"

"सगळं?"

"एका दिवसात सगळं नको."

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उघड्या अंगाने टेबलावर आला. खालून वारा लागावा म्हणून काकूंनी चार कोपऱ्यांना लाकडी रिळं ठेवली, दोऱ्याची, रिकामी, एका उंचीची. दहाला मापं आली. काकूंनी मशीन बंद ठेवलं. ते दोन तास त्या नुसती शिवण उसवत बसल्या, कारण उसवण्याचा आवाज होत नाही. ठकीला बटणांचा डबा दिला होता. नाना घड्याळ घेऊन दारात उभे होते आणि त्यांना बोलायची बंदी होती.

दहा चौतीस झाले. दहा अडतीस झाले. नानांचा जीव नुसता घुसमटत होता. दहा बेचाळीसला त्यांनी वहीत काहीतरी लिहून काकूंपुढे धरलं. 'सर्व विक्रम मोडीत.' काकूंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि गुपचूप टेबलाजवळ जाऊन रिळांच्या फटीत बोट घातलं. कोमट. रेशमाच्याही खाली.

जिना वर चढला. वरचा मजला आला. खिडक्या, गच्ची, पाण्याची टाकी. अकरा बावन्नला सुनेने एक बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलली.

"गेलं?" काकूंनी विचारलं.

"गेलं."

"बंद नाही पडला?" ठकीने अतिशय नाराजीने विचारलं. मग आईने तिला उचलून गरगर फिरवलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. सोमवारी फोन आला. काम मिळालं होतं.

पुढे बिघाडभाऊंनी दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली, मोठं छान नाव घातलं, पण गल्लीने ते कधी वाचलं नाही. ते आजही बिघाडभाऊच आहेत, आणि फोनवर पंख्याचं विचारताना आता 'कुठला' हेही विचारतात. नाना सत्त्याऐंशी वर्षं जगले आणि झोपेत गेले. शेवटपर्यंत सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा लिहीत होते. लॅपटॉपने सहा वर्षं काम केलं. ठकी आता मोठी झाली आहे, दूरच्या गावी शिकते, आणि आईला रोज संध्याकाळी फोन करते. सुनेने सात वर्षं त्या ऑफिसाचं काम केलं, मग स्वतःचं काढलं. आज तिच्या हाताखाली पाच बायका नकाशे काढतात. त्यातल्या तिघींची मुलं लहान आहेत, आणि त्यातली एकही काम सोडून गेलेली नाही.

काकू त्र्याऐंशीच्या आहेत. कुटुंबाने नवं घर बांधलं ते सुनेच्याच नकाशावरून. काकूंच्या खोलीला तिने दोन मोठ्या खिडक्या ठेवल्या. "उजेड जास्त झालाय गं," काकू कुरकुरतात, "वाकडा टाका लगेच दिसतो." आणि सून म्हणते, "तोंडावर सांगायचं ठरलंय ना, आई? हा वाकडाच आहे."